पडायला अक्कल लागते

‘आपण एकही सामना जिंकलेला नाही’... असं लिहिलं होतं हो पत्रात! छापील! वर कंपनीचं चिन्ह, खाली सही, आणि मधे हे वाक्य! आता तुम्हीच सांगा, ही काय मला नव्यानं कळवायची गोष्ट आहे? बावीस वर्षं, दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, टीव्हीवर, सगळ्या जगासमोर मी हरतोय, अकराशे बारा वेळा माझे खांदे जमिनीला टेकलेत, आणि हा गृहस्थ मला टपालानं कळवतोय की बाबा रे, तू हरलास! म्हणजे उद्या स्वयंपाक्याला पत्र जाईल, ‘आपण केलेलं सगळं लोकांनी खाऊन संपवलं, सबब आपल्याला कमी करण्यात येत आहे’!

अहो, हरणं हाच माझा धंदा! टीव्हीवरची कुस्ती ती, दिव्यांची, मुखवट्यांची, त्यात कोण जिंकणार ते आदल्या आठवड्यातच ठरलेलं असतं. पण जिंकणारा जिंकला असं लोकांना वाटायला समोर कोणीतरी जीव तोडून हरावं लागतं की नाही? तो मी! त्यानं नुसता हात झटकायचा आणि मी तीन कोलांट्या खायच्या, दोरावर आपटायचं, परत यायचं, त्याची लाथ अर्ध्या वाटेवर असतानाच हवेत उडायचं... आणि टाळ्या कोणाला? त्याला! आता पडणं म्हणजे काय खायचं काम वाटलं तुम्हाला? हनुवटी छातीला, जीभ दातांच्या आत, आधी तळहात, मग पाठ, पाठ म्हणजे सगळी पाठ एकदम, आवाज मोठा आणि मार छोटा! एवढीशी चूक झाली की माणूस पलंगाला खिळला. तुम्ही पडता ते चुकून पडता हो, आम्ही शिकून पडतो. पडायला अक्कल लागते, तुम्हाला सांगतो!

आणि सगळ्या जगाला हे ठाऊक आहे बरं का, की ठरवून असतं म्हणून. फक्त दोन माणसं सोडून. एक आमचे सासरे, आणि दुसरा हा नवीन साहेब. म्हणजे साहेबाला माहीत आहे, पण कळलेलं नाही. सासऱ्यांना मात्र खरोखरच माहीत नाही.

सासरे आमच्याकडेच असतात. वय ब्याऐंशी, एक गुडघा निकामी, आवाज मात्र खणखणीत. दर शनिवारी साडेपाचपासून टीव्हीसमोर, खांद्यावर टॉवेल टाकून, जणू मधल्या सुट्टीत माझा घाम ह्यांनाच पुसायचाय! मी हरून घरी आलो की ठरलेलं... ‘जावईबापू, डावा पाय मागे राहतो तुमचा. बघा जरा त्याच्याकडे.’ मी म्हणायचं, ‘हो बाबा.’ मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचं, ‘जाऊ दे. पुढच्या शनिवारी.’ बावीस वर्षं हो! लग्न ठरलं तेव्हा नवी नोकरी होती, हिनं मला बजावलं होतं, ‘अहो, बाबांना सांगू नका हं ठरवून असतं म्हणून, त्यांना फसवणुकीचा भारी राग.’ म्हटलं ठीक आहे, वर्षभरात कळेलच त्यांना. कळतंय कसलं! शेजारचा शिंपी एकदा म्हणाला, ‘आजोबा, हे सगळं नाटक असतं.’ झालं! तेव्हापासून त्या शिंप्याकडे आमच्या घरचं साधं बटणसुद्धा जात नाही.

तर पत्र. पत्र आलं ते सकाळच्या चहाला. मी वाचलं, हिनं वाचलं, आणि सासरे म्हणाले, ‘मोठ्यानं वाचा.’ वाचलं. ऐकून घेतलं त्यांनी शांतपणे, आणि म्हणाले, ‘डावा पाय. मी सांगत होतो.’

चौदा जणांना पत्रं गेली होती हो एका सकाळी! आणि चौदा कोण? सगळे हरणारे! वेचून वेचून! माझा दोस्त, ज्याला आम्ही ‘गोणी’ म्हणायचो कारण कुठूनही टाका तो तस्साच पडायचा, तो गेला. ते जुळे भाऊ गेले, ज्यांची डोकी एकमेकांवर आपटायला म्हणून खास ठेवले होते. बरं, पत्रात आम्हाला पैलवानही म्हटलेलं नाही. ‘टॅलेंट’! ‘कंपनी आपले टॅलेंट कमी करीत आहे.’ अरे ते दिसतंयच की दर शनिवारी, वेगळं कळवायला कशाला पाहिजे?

मी गेलो साहेबाकडे. का नाही जाणार? मी काय कोणाचं घोडं मारलंय? साहेब तरुण, गुळगुळीत, आधी गाद्यांच्या कंपनीत होता. लोकांना उताणं झोपवण्यातच हयात गेली म्हणे, तरी माझी किंमत त्याला कळेना! टेबलावर तक्ता. एका बाजूला जिंकलेले, एका बाजूला हरलेले. माझ्या नावापुढे शून्य, आणि त्याला लाल रंग!

म्हटलं, ‘साहेब, हरायला मला तुमच्याच कंपनीनं सांगितलं.’

‘असेल,’ म्हणाला. ‘पण आकडा शून्य आहे की नाही?’

‘आहे.’

‘मग झालं तर.’

म्हटलं, ‘बरं, हरणारे सगळे काढलेत. आता जिंकणारे जिंकणार कोणाशी?’

‘एकमेकांशी!’

‘मग त्यातला एक हरणार.’

‘त्याला काढू.’

‘असं करत करत साहेब, शेवटी एकच उरेल.’

तर तुम्हाला सांगतो, त्याचा चेहरा उजळला हो! म्हणतो, ‘तोच आपला चॅम्पियन!’ आता ह्याच्यापुढे काय डोकं फोडायचं?

पण मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, तोंडानं सांगून कळत नाही ना, दाखवतो. उठलो, खुर्ची बाजूला सरकवली, आणि तिथल्या तिथे, त्याच्या त्या गालिच्यावर, बावीस वर्षांची सगळी विद्या पणाला लावून असा पडलो... असा पडलो म्हणून सांगू... भिंतीवरचं घड्याळ हललं! डोळे पांढरे, एक पाय हवेत थरथरतोय, तोंडातून बारीकसा ‘आं...ह’! टीव्हीवर असतो तर लोक खुर्च्यांवर चढले असते. मी तसाच पडून वाट बघतोय, आता टाळ्या वाजवेल, आता म्हणेल वा! तर शेजारच्या खोलीतून त्या कर्मचारी विभागातल्या बाई किंचाळत आल्या, ‘पाणी आणा! पंखा लावा! कोणाला फोन लागतो का बघा!’ मी उठून बसलो, म्हटलं, ‘बाई, मी ठणठणीत आहे, हे काम होतं माझं.’ त्या म्हणतात, ‘बोलू नका, बोलू नका, असंच होतं आधी!’ आणि दुसऱ्या दिवशी माझ्या कागदावर आणखी एक ओळ वाढली... ‘प्रकृतीही साथ देत नाही.’ आलिया भोगासी! इतकं चांगलं पडलो की खरं वाटलं, आणि खरं वाटलं म्हणून नालायक ठरलो! पडायला अक्कल लागते, मान्य, पण बघायलासुद्धा थोडी लागते हो!

पूर्वीच्या कार्यक्रमात ही वेळ आली नसती. तुम्ही पाहिलाय का तो? टायरच्या गोदामामागचा हॉल, चारशे घडीच्या खुर्च्या, छतावर पाऊस पडला की निवेदकाचं ऐकू यायचं नाही, आणि निवेदकाला बाराही महिने सर्दी! पण एका तासात नऊ कुस्त्या! नऊ! घंटा, दाणदाण, एक दोन तीन, पुढचा! लोकांना श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि आता? आता आधी धूर. मग दिवे. मग एक जण माईक घेऊन येतो आणि वीस मिनिटं बोलतो, की मी तुला सोडणार नाही. मग दुसरा येतो, तो वीस मिनिटं बोलतो, की बघून घेईन. अरे बघा ना मग! कुस्ती करायला आलायत की घरभाड्याचा वाद मिटवायला? मग जाहिराती, आणि मग दोन मिनिटं कुस्ती, तीही एकाच्या केसांना हात न लावता, कारण त्या केसांचा म्हणे तेलवाल्याशी करार आहे!

त्या वेळी मोठे मालक होते. ते स्वतः मला मुखवटा शिवून घ्यायला घेऊन गेले होते. म्हणाले, ‘तुझं नाव जल्लाद नंबर दोन.’ मी विचारलं, ‘मालक, नंबर एक कोण?’ म्हणाले, ‘कोणी नाही. पण तू हरलास की लोकांना वाटेल, बापरे, ह्याचा मोठा भाऊ अजून यायचाय!’ अकरा वर्षं लोक नंबर एकची वाट बघत होते, सासरे तर अजून बघतायत. हे डोकं! हरणाऱ्यातसुद्धा उद्याची आशा ठेवायची! आणि मालक निवृत्त झाले ना, अडुसष्टाव्या वर्षी, तर कोट काढला, चष्मा पंचाच्या हातात दिला, स्वतः रिंगणात उतरले आणि त्या वर्षीच्या सगळ्यात नव्या पैलवानाकडून चारी मुंड्या चीत झाले! का? तर आमच्यात रीतच आहे ती. जाणारा माणूस पाठ टेकूनच जातो. लोकांनी तुम्हाला जो काही दरारा दिला, नाव दिलं, ते घरी घेऊन जायचं नाही, मागे राहणाऱ्याच्या हातात ठेवून जायचं. कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण आमच्यातला कोणीही, अगदी दारू पिऊन गेलेलासुद्धा, जिंकून गेलेला नाही.

आणि हा गादीवाला मला काय सांगतो? चार दिवसांनी फोन. आवाजात साखर. ‘आम्ही तुमचा निरोपाचा सामना ठेवलाय. शनिवारी. आणि काका, खुशखबर... तुम्ही जिंकणार!’

मी म्हटलं, ‘काय?’

‘बावीस वर्षांत पहिल्यांदा! लोक रडतील! शून्याचा एक होईल तुमचा!’

म्हणजे घरी बसवणार आणि वर नाकसुद्धा कापणार! मी फोन ठेवला आणि हिला म्हटलं, ‘मी नाही जिंकणार. काय वाट्टेल ते होवो.’ मला वाटलं ही म्हणेल, शाब्बास. तर ही भांडी विसळायची थांबली आणि हळूच म्हणाली, ‘अहो... एकदा जिंका की. बाबांसाठी.’

आत बघतो तर सासरे टॉवेल धुऊन वाळत घालत होते, एका हातानं भिंत धरून. मला बघितलं आणि म्हणाले, ‘जावईबापू, ह्यानंतर पुढचा शनिवार नाही. आता डाव्या पायाची चिंता सोडा. नुसतं तुटून पडा.’ ह्या माणसानं बावीस वर्षं माझ्याकडून एकच गोष्ट मागितली, आणि ती आता फुकटात मिळत होती. नुसतं कोणाच्यातरी अंगावर तीन मोजेपर्यंत आडवं व्हायचं! मी तीन दिवस जेवलो नाही धड. रीत मोठी की सासरा मोठा? शेवटी शुक्रवारी म्हटलं, मरू दे रीत. जिंकतो. एकदाच. म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोर.

शनिवारी गेलो. माझ्यासमोर कोण? कपाट! म्हणजे नाव वेगळं आहे, पण आम्ही कपाटच म्हणायचो. खांदे दारात मावत नाहीत, जाहिरातीत दूध पिताना दिसला म्हणून साहेबानं उचलून आणलेला, सगळं शिकवलं त्याला, गर्जना शिकवली, दंड दाखवायला शिकवलं, पडायला कोणी शिकवलंच नाही! शिकवणार कोण? आम्हाला चौदा जणांना तर काढलं! बरं, पोरगा स्वभावानं गरीब. कपडे बदलायच्या खोलीत माझ्याजवळ आला, घाम फुटलेला, म्हणतो, ‘काका, पडू कसं?’ मी म्हटलं, ‘हनुवटी छातीला लाव, बाकी देव बघेल.’ मग म्हणतो, ‘काका, तुमच्याशी हरलो की मलापण काढतील का हो? तक्त्यात शून्यवाल्याशी हरलो असं येईल ना?’ येणारच होतं!

घंटा झाली. हॉल भरलेला, हजारो माणसं, धूर, दिवे. मी त्याला एक चापट मारली. साधी. माशी उडवतात तेवढी. आणि कपाट पडलं हो! कपाटासारखंच! सरळ, ताठ, मागच्या मागे, हनुवटी वर, डोकं लोखंडी खांबापासून चार बोटांवर! आणि लोक... लोक हसले. हसले हो त्याला! शिट्ट्या, ‘उठ रे बाळा, दूध पी!’ आणि तो पडल्या पडल्या डोळे मिटून घेतोय, रडू येतंय त्याला.

मी त्याच्या अंगावर आडवा झालो. पंच जुना, माझ्याबरोबरचाच. त्यानं जमिनीवर हात आपटला, ‘एक!’ मला दिसतंय, घरी सासरे खुर्चीतून अर्धे उठलेत. ‘दोन!’ ...आणि तुम्हाला सांगतो, त्या हसण्यात मला ऐकू आलं, की हे पोर आज संपलं. ह्याला जन्मभर हेच ऐकावं लागणार, आणि मी मात्र जाताना त्याच्या अंगावरून शून्याचा एक करून घेऊन जाणार! मोठे मालक चष्मा काढून उताणे पडले ते ह्यासाठी? मला नाही जमलं. मी त्याचा दंड धरला, केली एक पलटी, आणि त्याला माझ्या डोक्यावरून उभा केला, म्हणजे दिसायला असं की त्यानंच उसळी मारली!

तो कानात म्हणतो, ‘काका, काय करताय?’

म्हटलं, ‘गप. हात पुढे कर. मी आहे ना.’

आणि मग पडलो! अहो, पडलो म्हणजे काय! त्याच्या एका धक्क्यात दोरावरून बाहेर गेलो, निवेदकाच्या टेबलावर, तिथून खाली, परत आत, परत हवेत! तो नुसता हात हलवतोय आणि मी चौफेर उधळतोय! हसणारे गप्प झाले. मग उभे राहिले. मग ओरडायला लागले, कपाटाचं नाव घेऊन! पोरगा ताठ झाला हो, डोळ्यांत पाणी आणि छाती पुढे, खराखुरा पैलवान दिसायला लागला! बाजूला गादीवाला हातवारे करतोय, ‘उलटं! उलटं!’ मी त्याच्याकडे बघून पाठ सपाट टेकली, आणि कपाटाला खुणावलं, ये. तो आला अंगावर. बरगडीत कोपर घातलंच गाढवानं! पंच कावराबावरा, कुजबुजतो, ‘अरे, मला हे मोजायला सांगितलेलं नाही!’ मी म्हटलं, ‘तीनपर्यंत येतं ना तुला? मोज!’ मोजले त्यानं. एक. दोन. तीन. अकराशे तेरा! जाताना मान वर होती माझी. पडलो तरी नाक वर म्हणतात ना लोक हिणवून? माझं खरोखरच वर होतं! पडायला अक्कल लागते, आणि त्या दिवशी हिंमत पण लागली!

असा तरंगत घरी आलो. दारात ही. तोंडावर बोट. आत टीव्ही बंद. सासरे खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी नेहमीसारखं म्हटलं, ‘बाबा, डावा पाय जरा...’

‘पायाचं नाव काढू नका,’ म्हणाले. ‘मी पाहिलंय.’

‘काय पाहिलंत?’

‘दोन मोजून झाले होते. तो तुमच्याखाली होता. आणि तुम्ही त्याचा दंड धरून त्याला वर काढलंत. स्वतःच्या हातानं!’

आता झालंय काय, पूर्वी तीन कॅमेरे असायचे, त्यातला एक बंद, नाक कुठलं नि कान कुठला कळायचं नाही. आता अकरा कॅमेरे! एक तर थेट डोक्यावर! माझं बोटन् बोट म्हाताऱ्याला दिसलं होतं.

म्हणाले, ‘बावीस वर्षं तुम्ही हरलात, मला कधी लाज वाटली नाही. चार माणसांत सांगत होतो, माझा जावई दर शनिवारी हरतो पण लबाडी करत नाही. आणि आज, शेवटच्या दिवशी... मुद्दाम हरलात तुम्ही!’

बघा हो! अकराशे बारा वेळा ठरवून हरलो, ते सगळं ह्या माणसाला खरं वाटलं. आणि सबंध आयुष्यात एकदाच माझ्या मनानं, माझ्या मर्जीनं, कोणी न सांगता लढलो, तर तेवढंच नाटक ठरलं! तीन आठवडे झाले, बोलत नाहीत माझ्याशी. ही म्हणते, ‘आता तरी सगळं खरं सांगून टाका त्यांना.’ काय सांगू? की बाबा, आजची लबाडी एकच दिवसाची होती, बाकीची बावीस वर्षांची? ते मान फिरवतात, मी सतरंजीवर पाठ टेकतो. म्हटलं, चला, अकराशे चौदा.